उजवी बाजू

नाही, खुर्ची आणखी पुढे ओढू नका, डॉक्टर फिंकल — समोरासमोर बसण्याची मला अजून सवय झालेली नाही. तीन वर्षं तुम्ही मला त्या कोचावर निजवलंत, स्वतः डोक्यामागे बसलात, आणि सांगत राहिलात की माझा राग वडिलांवर आहे. वडील जाऊन चाळीस वर्षं झाली. आता म्हणता, ते राहू द्या, मनात आपोआप येणारं वाक्य कागदावर डाव्या बाजूला लिहा, उजव्या बाजूला पुरावा. गृहपाठ! अडतीस वर्षं लॅटिन शिकवलेल्या बाईला!

वाक्य तुम्हाला ठाऊक आहे — 'मला पाहिलं की सभेतल्या लोकांना ते हसू आठवेल.' फीबीच्या, माझ्या बहिणीच्या, स्मरणसभेत मी बोलायला उभी राहिले. आम्हां क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांच्या सभेत पाद्री नसतो, सारे गप्प बसतात, आतून शब्द आला तरच उठायचं. मी उठले आणि शब्दच आला नाही. मागून कुणी तरी हसलं. मी बसले — आणि अकरा वर्षं त्या सभागृहाची पायरी चढले नाही.

आणि तुम्ही काय सांगितलंत? तिथं हजर असलेल्या एका माणसाला विचारा. विचारलं. मंगळवारी हॅना स्टोक्सकडे गेले, मागच्याच बाकावर होती ती. चहाचा पेला खाली ठेवून म्हणाली, "लिडिया, कुणी हसलं नव्हतं. मला रडू आवरलं नाही. तू मागे वळून पाहिलंस, आणि मग कधी आलीच नाहीस — मला वाटलं, माझाच राग आला तुला."

अकरा वर्षं, डॉक्टर. ती आपल्या स्वयंपाकघरात, मी माझ्या. मध्ये चार गल्ल्या. तुमचा कागद खरा ठरला म्हणून मी आभार मानावेत? एका प्रश्नाचं काम होतं — तो तुम्हाला तीन वर्षांत सुचला नाही? आणि मला — मला तरी का सुचला नाही?

रुमाल नको. माझ्याकडे आहे.

उठू नका. खाली हॅना गाडीत बसली आहे, तिला आणखी ताटकळत ठेवणं बरं नव्हे. हा कोरा कागद मात्र तुमच्यासाठी. डाव्या बाजूला माझ्या वडिलांविषयीचं तुमचं वाक्य लिहा. उजवी बाजू स्वच्छ अक्षरात भरा. गुरुवारी मी तपासेन.