डोकं बरोबर, पोट बारीक

नाय ओ बाई, केळं नको तिला. ठेवा तुमी, तुमच्या पोरीला होईल, तीपण पोटुशीच. माझी सून ती, कमळ — ती काय, दाराजवळ भिंतीला टेकून बसलीय. आठवा चाललाय. हां, दिसत नाय, सगळेच म्हणतात. आमी शेणवे गावचे. तुमी मुरबाडकडच्या ना, बोलण्यावरनं वळखलं. बसा निवांत, आमचा नंबर तुमच्या आधी हाय — डॉक्टरीणबाई आताच आत गेल्यात.

मागल्या खेपेला पण इथंच आलेलो. पोटावर ते गार चिकट लावलं, अन् टीव्हीत बघून डोकं मापलं, पोट मापलं, मांडीचं हाड मापलं. मी म्हटलं, बाई, पोरगा का पोरगी ते मी इचारतच नाय, भिंतीवरची पाटी वाचता येते मला — बाळ वाढतंय का तेवढं सांगा. तर म्हणाल्या, डोकं बरोबर हाय, पोट बारीक हाय, वजन पायजे तेवढं नाय. आज परत मापणार, नाय वाढलं तर ठाण्याला पाठवणार. आता डोकं बरोबर नि पोट बारीक, हे कसं होतं सांगा? मग कमळला इचारलं, खातेस ना गं नीट? तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग म्हणाली, खाते. — खातेच ना. अर्धी भाकरी खाते, वर डाळीचं पाणी देते मी. अर्धी मीच सांगितलीय, सातव्यापासून. अशा काय बघता, आमच्यात तसंच करतात — पोर आत फार वाढलं की अडतं. माझ्या पोराच्या, भगीरथाच्या वेळी माझ्या सासूनं मलापण तसंच ठेवलेलं, सुईण हात धुऊन बसते न बसते तवर मोकळी झाले मी. अन् हिचं तर लवकरच सुटलं पायजे. सरकारी दवाखान्यातल्या बाईनं समजावून सांगितलंय ना — ते दुखणं पोराला लागतं ते जास्त करून बाहेर येताना. कळा लागल्या की घ्यायची एक गोळी दिलीय, ती तांदळाच्या डब्यात ठेवलीय मी. पण एका गोळीचा काय भरवसा? म्हटलं, पोर बारीक असलं तर झटक्यात येईल, आईचं रगत लागायच्या आत. दोघांचं रगत तसंच निघालं ओ, आमच्या भगीरथाचंपण. निदान घरातलं हे तिसरं रगत तरी —

कुठलं दुखणं? काय नाय. रगत कमी हाय तिचं.

पोरीला तिकडं का बसवता? ऊन येतंय तिथं… नाय लागत ओ, शेजारी बसल्यानं नाय लागत. ते पण सांगितलंय त्या बाईनं.

काय म्हणालात? तुमच्या पोरीच्या बाळाचंपण तसंच होतं? अन् पोटभर खायला लागल्यावर भरलं? …आईला नाय मिळालं की बाळ आपलं पोट मारून डोक्याला देतं — असं म्हणाल्या डॉक्टरीणबाई? मला नाय कुणी बोललं. मला इचारलंच नाय कुणी. मी तर त्याला वाचवायला…

ऊठ गो कमळ, हाक मारली. नाय, थांब जरा.

बाई, ते केळं हाय का अजून? माझ्या हातातलं ती खायची नाय, आधी माझ्या तोंडाकडं बघंल. तुमी द्या तिला, तुमच्या हातानं. द्याल ना?

बरं. बाकावर ठेवा. मी उचलते.