उजव्या हातातली सुतळी

(खोपोलीच्या शिळफाट्यावरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. रविवारची दुपार, फळ्या अर्ध्या लावलेल्या. काळूराम, त्याची थोरली बहीण सुंदरा आणि तिचा नवरा हिरामण.)

सुंदरा : अरे, गार लागतंय रं! आन किती चोपडशील? हात हाय माझा, का सारवायची भुई?

काळूराम : हलू नकोस आक्का. पातळ लागलं तर चांदी नीट टेकत नाही.

सुंदरा : मीठ घातलेली पेज. खायची सोडून तुटक्या हाताला चोपडायची. आय असती तर तुझ्या पाठीत लाटणं घातलं असतं.

काळूराम : आईचीच जोडवी ठोकून हे पत्रे केलेत. तिला चाललं असतं.

सुंदरा : चाललं असतं. जोडवी मोडली म्हणून चार दिस रडली असती, मंग चाललं असतं.

हिरामण : काळूराम, पावणेचारची यष्टी हाय, चौक गावाला जायची.

काळूराम : दाजी, मागच्या रविवारीही तुम्ही एस्टीच बघत होतात. बसा. चहा सांगितलाय.

हिरामण : बसलोच हाय. चार वर्सं बसलोय.

सुंदरा : चार नाय. तीन वर्सं दहा महिने. त्यातलं पयलं वरीस तर ह्यानं पुस्तक वाचण्यात घालवलं.

काळूराम : पुस्तक नाही गं, मासिक. परदेशातल्या यांत्रिक हाताचा फोटो होता त्यात. तसा एक हात घ्यायचा तर तुमची भाताची गिरणी विकूनही पुरलं नसतं. मी म्हटलं, यात असं आहे काय? टेपरेकॉर्डरची मोटर, सायकलच्या ब्रेकच्या तारा, खेळण्यातल्या मोटारीचे दाते. बाकी सगळा रेडिओच. स्नायू आवळला की त्यात इवलीशी वीज होते, ती ह्या पत्र्यांनी पकडायची, मोठी करायची आणि...

सुंदरा : आन मोटरला द्यायची. पाठ झालंय मला. आतल्या अंगाचा स्नायू आवळला का पंजा मिटतो, वरच्या अंगाचा आवळला का उघडतो. तर मिटतो. उघडत नाय.

हिरामण : मिटतो ते काय थोडं झालं?

सुंदरा : मिटलेला हात घेऊन गिरणीवर काय करू? गोणीचं तोंड ह्या हातानं धरायचं, डाव्या हातानं दाभण चालवायचा, आन दर टाक्याला तोंड सोडून पुढं धरायचं. सोडताच आलं नाय तर मलाच गोणीसंगं शिवा आन टेंपोत घाला.

हिरामण : तुझ्या जागी ठकी शिवते की गोण्या.

सुंदरा : ठकी शिवते! परवा तिची गोण टेंपोत चढवताना फुटली. गावच्या कोंबड्यांनी दिवाळी केली. अवो, दसरा झाला का नवं भात येईल गिरणीवर. मला तितं उभं ऱ्हायचंय. घरात बसून बुरशी लागली मला. हात चालला तर ये, असं बोलला हाय का नाय तुमी?

हिरामण : बोललो. चालला तर.

काळूराम : मग चालवू या. ही घ्या रिकामी गोण, दाजी, हिचं तोंड असं समोर धरा. स्विच चालू केला. मीट, आक्का.

सुंदरा : मिटली.

काळूराम : आता ओढा गोण. जोरात ओढा, लाजू नका.

हिरामण : निघत नाय गड्या.

काळूराम : बघा! सोड आक्का.

सुंदरा : सोडते.

काळूराम : सोड की.

सुंदरा : अरे, सोडतेय रं!

हिरामण : दिवाळीपतुर सुटंल.

काळूराम : ती ट्यूबलाइट बंद करा दाजी. तिची गुणगुण शिरते मध्ये. मागं तिच्यापायीच हातानं तुमचा सदरा धरला होता.

हिरामण : धरला होता! सगळ्या बाजारानं बघितलं, बायकोनं नवऱ्याची गचांडी धरलीय.

सुंदरा : मला तीन बाया विचारून गेल्या, असा हात धडधाकट बाईला मिळंल का म्हणून.

हिरामण : केली बंद. पंखा बंदच हाय. आता काय, शेजारच्याचा स्टोव्ह पन विझवू?

काळूराम : नको. बाहेरचं काही नाही हे. आक्का, मीटरचे हे दोन काटे बघ. डावा मिटायचा, उजवा उघडायचा. तू काही करत नसलीस की दोन्ही खाली पडायला हवेत. डावा बघ कुठे आहे.

सुंदरा : वर हाय.

काळूराम : आता सैल सोड हात.

सुंदरा : सैलच हाय.

काळूराम : काटा वरच आहे. तुझा आतला स्नायू आवळलेला आहे.

सुंदरा : मी काय आवळत नाय.

काळूराम : काटा कशाला खोटं बोलेल?

सुंदरा : मंग मी बोलते?

काळूराम : तसं नाही गं. ऐक. दवाखान्यातले डॉक्टर मला म्हणाले होते, हात गेला तरी पुष्कळांना तो असल्यासारखा वाटतो. तुला वाटतो का?

हिरामण : कायतरीच. गेलेला हात कुटं असतोय?

सुंदरा : असतो.

हिरामण : आँ?

सुंदरा : असतो अवो. हा खुंट संपतो ना, त्याच्याच पुढं असतो.

काळूराम : कसा असतो? उघडा का मिटलेला?

सुंदरा : मिटलेला. घट्ट. तळव्यात नखं रुततात. थंडीत जास्त.

हिरामण : कवापासनं?

सुंदरा : तवापासनं.

हिरामण : मला बोलली नायस कधी.

सुंदरा : काय बोलू? नसलेल्या बोटांची नखं वाढलीत म्हणून? तुमी ब्लेड घेऊन बसला असता शेजारी. इतके साधे तुमी.

काळूराम : म्हणजे सर्किट बरोबर आहे. आणि मी गाढव सहा महिने त्यातले पार्ट बदलत बसलोय! तुझी मूठ आधीपासूनच मिटलेली. मी सोड म्हणतो, आणि तुला ती सोडताच येत नाही.

सुंदरा : येत नाय. लई येळा करून बघितलं. नवस सोडून सगळं केलं.

काळूराम : आक्का, मुठीत काय आहे?

सुंदरा : काय असायचं?

काळूराम : रिकामी आहे, का काही धरलंयस?

हिरामण : काळूराम, चहा कुटं ऱ्हायला बघ जरा.

काळूराम : येईल तो. सांग ना आक्का. मला कळल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

सुंदरा : हसशील.

काळूराम : नाही हसणार.

सुंदरा : सुतळी हाय.

काळूराम : कसली सुतळी?

सुंदरा : त्या दिवसाची. पट्ट्याच्या मोठ्या चाकाला गुंडाळली होती ती. लाईट गेलेली, गिरणी थांबलेली, बाहेर लोकं आपापल्या भातावर बसलेली. म्हटलं, तेवढ्यात काढून टाकू. एक टोक असं बोटांना येढलं आन ओढलं. अर्धी आली. आन मंग...

हिरामण : मंग लाईट आली. झालं. किती येळा तेच ते उगाळायचं?

सुंदरा : हां. मंग लाईट आली.

काळूराम : हा पत्रा सरकलाय वाटतं.

सुंदरा : तू का खाली बघतोस?

काळूराम : काही नाही. ती सुतळी अजून धरलीयस तू?

सुंदरा : अर्धीच निघालीय नव्हं! सोडली तर परत चाकात जाईल.

काळूराम : चाक थांबलेलं आहे, आक्का.

सुंदरा : मला ठावं हाय रं. त्या हाताला कोण सांगणार?

काळूराम : तू सांग. हळूच मूठ उघड आणि टाकून दे.

सुंदरा : टाकून कशी देऊ? तू रेडिओ अर्धा खोललेला गिऱ्हाइकाला देतोस का? थांब. उरलेली काढूनच टाकते. मंग सोडीन.

काळूराम : काढ. तसं कर.

सुंदरा : अवो, तुमी तेवढं चाकाला हात लावून उभं ऱ्हावा.

हिरामण : कुटल्या चाकाला?

सुंदरा : मनातल्या. नुसतं बसून यष्टीची वाट बघण्यापरीस तेवढं करा.

हिरामण : बरं. लावला हात.

सुंदरा : घट्ट धरा.

हिरामण : धरलंय गं. हालायचं नाय ते आता. तू काढ.

काळूराम : दाजी, बोलू नका. काटा चढतोय... चढतोय. बेतानं आक्का, मोटरचे दाते प्लास्टिकचे आहेत.

सुंदरा : येतेय. काळी झालीय पार, वंगणानं. एक येढा ऱ्हायलाय.

काळूराम : येऊ दे.

सुंदरा : आली. सगळी आली. आता बोटावरनं उकलते... करंगळी सुटली. हे मधलं बोट. टाकली बघ, कोंड्याच्या ढिगात टाकली.

हिरामण : अगं, गोण पडली! काळूराम, गोण पडली!

काळूराम : डावा काटा बघा, दाजी. खाली! झोप लागल्यासारखा गप बसलाय. आक्का, परत मीट. धर. आता सोड.

सुंदरा : सोडली.

काळूराम : धर. सोड. आता तू तुझ्या मनानं कर, मी बोलतच नाही.

सुंदरा : अरे, दाभण कुटाय? द्या हिकडं. धरा हो ती गोण नीट, नवरदेवासारखं काय उभं ऱ्हायलात! हा एक टाका. सोडली. पुढं धरली. हा दुसरा. वाकडा झाला.

हिरामण : ठकीपरीस बरा हाय.

सुंदरा : ठकीपरीस बरा म्हंजे काय बरा! हा तिसरा. हा बघा, हा सरळ आला.

काळूराम : माथेरानला हातरिक्षा ओढायचा तो धाकलू, त्याचाही हात गेलाय, मला दर महिन्याला विचारतोय, माझा हात कधी बसवतोस. आता त्याला निरोप देतो. पेज तेवढी घरून आण म्हणावं.

सुंदरा : पण आधी माझा. अवो, ठकीला सांगून टाका. दसऱ्यापासून मी येते गिरणीवर.

हिरामण : गिरणीवर नको.

सुंदरा : आँ? चालला तर ये, बोललात ना?

हिरामण : बोललो. वाटलं नव्हतं चालंल.

काळूराम : दाजी!

हिरामण : घरी शीव ना. गोण्या घरी आणून देतो. बाजेवर बसून शीव.

सुंदरा : भरल्या गोण्या घरी आणणार, आन शिवून परत गिरणीवर नेणार? लोकं दगडं मारतील आपल्याला. काय झालंय तुमाला?

हिरामण : परत लाईट आली तर?

सुंदरा : येऊ दे की. लाईट गेली का मोटरचा स्टार्टर पडतो, बंद होतो. मंग लाईट येवो नायतर न येवो, हिरवं बटण दाबल्याबिगर चाक हालत नाय. अकरा वर्सं बघितलं मी ते. म्हणून तर हात घातला होता.

हिरामण : चल, यष्टी चुकंल.

सुंदरा : आयला सांगितलं लाईट आली. डॉक्टरला सांगितलं लाईट आली. चौकशीचा सायेब आला होता, त्यालाबी तेच. सगळ्यांनी मान हालवली. एकानं मला विचारलं नाय, बाई गं, बटण कुणी दाबलं?

हिरामण : कुणी नाय दाबलं.

सुंदरा : कुणी दाबलं असं मीबी म्हणत नाय.

काळूराम : आक्का.

हिरामण : काळूराम, गप.

काळूराम : स्टार्टर पडलाच नव्हता त्या दिवशी. त्यातली कॉइल गेली होती, घटकेघटकेला पडायचा. गिरणी बंद राहायला नको म्हणून मी आदल्या दिवशी आत पाचर ठोकली आणि तो दाबून ठेवला. पाचर असली की लाईट आल्यावर चाक आपोआप फिरतं. मी ठोकली होती.

सुंदरा : कसली?

काळूराम : सागाची. दाराच्या चौकटीतला तुकडा होता.

सुंदरा : म्हणून तू रविवार न रविवार...

काळूराम : हां.

सुंदरा : रडू नको रं. पेजेत पडंल, आधीच खारट हाय.

हिरामण : त्याची नाय चूक.

काळूराम : जाऊ द्या दाजी.

हिरामण : चार वर्सं जाऊच दिलं. सुंदरा, पाचर त्यानं मारली, खरं हाय. दुसऱ्या दिशी सकाळी नवी कॉइल घेऊन आला, तोबी हाच. बोलला, दाजी, तासभर गिरणी बंद ठेवा, पाचर काढून कॉइल बसवतो. मी म्हटलं, आज नको. बाहेर रांग लागलेली. आन त्याच दिशी तू चाकात हात घातलास.