यमुनाबाईंच्या घरची पाहणी

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. उत्तर आलं तर द्या, नाही आलं तर गप्प बसा — पण मधेच उठून चहाला पळू नका! प्रश्न असा — गरिबी डोळ्यांना दिसते का हो?

"दिसते महाराज!" कोण म्हणालं? तुम्ही? वा! मग तुमच्यासाठीच हे आख्यान. नीट मांडी घालून बसा.

एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही — सांगितलं तर उद्या मला फोन येतील! त्या गावात यमुनाबाई कापुरे नावाची बाई. नवरा गेलेला. साड्यांना फॉल-पिको करून घर चालवायची. मशीन दाराशी, म्हणजे उजेडाचं बिल येत नाही! मुलगी एकच, मयूरी. पोरगी हुशार. बारावी झाली, आणि जिल्ह्याच्या गावी नर्सिंगला नंबर लागला. नंबर लागला हो, पण फी? फी काय देव भरतो?

तर गावात होतं समाजाचं मंडळ. गरीब, होतकरू मुलांना शिष्यवृत्ती देणारं. चांगलं काम! मी नावं ठेवत नाही. यमुनाबाईंनी अर्ज केला. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडला, गुणपत्रिका जोडली. पण मंडळाची एक रीत होती. कागदावर विश्वास नाही! घरी जाऊन डोळ्यांनी बघायचं, मगच मंजुरी. निरोप आला — गुरुवारी सकाळी अकराला पाहणीला येतो.

आता सांगा, यमुनाबाईंनी काय ऐकलं? 'पाहणीला' ऐकलं? छे! त्या बाईनं ऐकलं 'येतो'. समाजाची मोठी माणसं माझ्या दारी येणार! तिच्या आईनं तिला लहानपणी एकच गोष्ट शिकवली होती — दारी आलेला कोरड्या तोंडानं जाता कामा नये. झालं! बाईची धांदल सुरू.

शेजारच्या मंगलाताईंकडून तीन खुर्च्या आल्या. शकीलाभाभींनी पेटीतल्या निळ्या फुलांच्या कप-बशा काढून दिल्या — त्यांच्या लग्नातल्या, ईदलाच बाहेर निघणाऱ्या! कोपऱ्यावरच्या जनाक्कांनी वाटीभर तूप दिलं. रवा, साखर आणि मूठभर काजू वाण्याकडून उधार.

मयूरी म्हणाली, "अगं आई, ते आपली गरिबी बघायला येतायत!"

यमुनाबाई उखडल्या. "मग काय करू? फाटकी सतरंजी टाकू? गरिबी काय खुंटीला टांगून ठेवू, घ्या बघा म्हणून? माणसं घरी येतायत मयूरी, माणसं!"

हसताय? हसू नका. तुमच्या घरी तुम्ही हेच केलं असतं. पाहुणे आले की आपण फुटका कप पुढे करतो का? मागच्या फळीवर ढकलतो!

अकराला तिघे आले. अध्यक्ष वसंतशेठ, सचिव, आणि एक सल्लागार — ते कुणाला कसला सल्ला देतात, ते मला आजवर कळलं नाही! खुर्चीत बसले. यमुनाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा करून बशा पुढे ठेवल्या. गरम शिरा, वर काजू. वसंतशेठनी पहिला घास घेतला. "वा वहिनी, हाताला चव आहे हो तुमच्या!" आणि पुढे काय केलं माहितेय? बशी पुढे केली. "अजून थोडा वाढा!"

बाईला काय आनंद झाला! सगळं खाल्लं पाहुण्यांनी, टाकलं नाही. कढईत खरवड राहिली, ती मायलेकींनी खाल्ली.

आठ दिवसांनी पत्र आलं. काय लिहिलं होतं? 'घरात खुर्च्या, काचेचे कप, शुद्ध तुपातील शिरा. परिस्थिती समाधानकारक. मदतीची आवश्यकता नाही.'

अरे, लाज वाटली नाही का रे! ज्या बशीतलं खाल्लं, त्याच बशीची साक्ष काढलीत? देवापुढे आपण साखरेचा खडा ठेवतो, तरी देवाला कळतं की याच्या घरी पेढा नाही. आणि यांना दुसऱ्यांदा वाढून घेऊनही कळलं नाही!

यमुनाबाई वसंतशेठच्या दुकानात गेल्या. शेठ हसले. "अहो वहिनी, काजूचा शिरा आम्हीसुद्धा रोज खात नाही!" बाईच्या ओठांवर आलं होतं सगळं. पण सांगणार कसं? खाऊन गेलेल्या माणसाला सांगायचं की तूप उसनं होतं? तशाच परत आल्या. मशीनसमोर बसल्या, पण दोरा ओवता येईना. डोळे भरले होते.

शकीलाभाभींनी पाहिलं. खोदून खोदून विचारलं. आणि कळल्यावर ती बाई जी पेटली! "माझे कप बघून पोरीची फी बंद केली? थांबा, दाखवते!"

रविवारी मंगल कार्यालयात शिष्यवृत्तीचा समारंभ. हार, नारळ, फोटोवाला. वसंतशेठ भाषणाला उभे, "आपला समाज म्हणजे एक कुटुंब..." तोच दारातून गल्ली आत आली! पुढे मंगलाताई, डोक्यावर खुर्ची. मागे शकीलाभाभी, हातात कप-बशा. जनाक्का काठी टेकत, हातात तुपाची रिकामी वाटी. सगळं नेऊन ठेवलं व्यासपीठावर!

"ही खुर्ची माझी."

"हे कप माझे."

"आणि तूप माझं होतं रे, गुलामा! मी तेव्हापासून कोरडी भाकरी खातेय. ते तू दोनदा वाढून घेतलंस!"

वसंतशेठ घाम पुसत म्हणाले, "मग... मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत वहिनी?"

यमुनाबाई मयूरीला घेऊन मागे दाराशी उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "भाऊ, घरी आलेल्याला कुणी सांगतं का, साखर कुणाची ते? तुम्ही तपासायला आला होतात. मला वाटलं, माझ्या घरी आलात."

शेठनी घाईघाईनं चेकबुक काढलं. "आत्ता मंजूर! ये पोरी, वर ये!" टाळ्या पडल्या. फोटोवाला पुढे सरसावला. मयूरी गेली नाही. जागेवरूनच म्हणाली,

"काका, फी भरायची मुदत काल संध्याकाळी पाचला संपली."

आता वाजवा ना टाळ्या! का थांबलात? गेलं वर्ष! त्या पोरीचं वर्ष एका शिऱ्यात गेलं! आज ती आईशेजारी बसून दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल लावतेय, आणि तिच्या जागेवर दुसरं कुणीतरी रोग्याची नाडी धरायला शिकतंय.

आणि तुम्ही! तुम्ही, पुढच्या रांगेतले! मघाशी आरतीच्या ताटाशी कुणीतरी मला कौतुकानं सांगितलं — महाराज, आमच्या गावातही शिष्यवृत्ती आहे, परवापासून घरोघर पाहणी आहे. आहे ना? मग मान खाली का घालता? वर बघा!

जाऊ नका रे! तहसीलचा शिक्का पुरत नाही तुम्हाला? शाळेतल्या बाईंना विचारा, शेजारणीला विचारा. आणि तरी पाय राहत नसतील, गेलातच — तर ती माउली पदर सावरून बशी पुढे करील. करणारच! आपल्या आयांना दुसरं येत नाही. तेव्हा पहिला घास तोंडात घालण्याआधी तिच्या घरात चूल कुठे आहे ते बघा, आणि त्या चुलीवर काल काय शिजलं होतं ते मनाला विचारा. नाही विचारलंत, तर उद्या या पांडुरंगापुढे नैवेद्याचं ताट घेऊन येऊ नका. त्याला ठाऊक असतं, कुणाच्या तोंडचं कुणी खाल्लं ते.

आता म्हणा विठ्ठल. जमत असेल तर म्हणा!