घराला हात लावून जा

वहिनी, आणि इथे जमलेल्या सगळ्यांना जय भीम.

फाटकापाशी उभे आहेत त्यांनी आत या. सतरंजीवर पुढे जागा आहे. पुण्यात सभेला पहिल्या रांगेत बसायला कुणी धजत नाही हे मला माहीत आहे, पण आज ते चालणार नाही. बसा. मी वर्षा. वकील आहे, बोलण्यावरच माझं पोट आहे. तरी सकाळपासून पहिलं वाक्य टाळतेय. ते वाक्य असं आहे. प्रभाकर ओहोळ, आपले भाऊ, गेल्या आठवड्यात गेले.

झालं एकदाचं म्हणून. आता पुढचं बोलता येईल असं वाटतंय. नाही आलं, तर सांभाळून घ्या.

भाऊंच्या टेलिफोन खात्यातले सहकारी आलेत. त्यांना भाऊ माहीत आहेत, हे घर माहीत नसेल. मंगळवार पेठेतलं हे घर भाऊंच्या वडिलांनी बांधलं. ते खडकीच्या कारखान्यात कामगार होते. तीन खोल्या, ओसरी, वर पत्रा. नक्षी नाही, कमान नाही, कुणी पुढारी इथे जन्मला नाही. पण गावाकडून शिकायला आलेल्या आपल्या मुलांना पुण्यात खोली मिळायची नाही. लोक नाव विचारायचे. मग आडनाव विचारायचे. मग ती खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची. अशा कालच गेलेल्या खोल्या मलाही पुष्कळ दाखवल्या या शहरानं. ती मुलं मग इथे यायची. आधी भाऊंच्या वडिलांकडे, नंतर भाऊंकडे.

मी वाशीमकडून आले तेव्हा ट्रंक घेऊन याच ओसरीवर उभी होते. भाऊंनी विचारलं, "जेवलीस का?" मी आपणहून माझं आडनाव सांगायला लागले. तर म्हणाले, "राहू दे. टपाल आलं तर लागेल."

भाडं नव्हतं. अट एकच. नोकरी लागली की घराला हात लावून जायचं.

आता मी पडले भाविक घरातली. पहिला पगार झाला तशी पेढे घेऊन आले, उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि डोळे मिटून उभी राहिले. डोळे उघडले तर भाऊ पेपर खाली करून चष्म्यावरून बघतायत.

"अगं, हे काय? देऊळ आहे का?"

"तुम्हीच म्हणालात ना, हात लावून जा."

"मोरीतला नळ गळतोय. त्याला हात लाव."

आत वहिनींना हसू आवरेना. वहिनी, आठवतंय ना? पुढच्या रविवारी मी प्लंबर घेऊन आले. तो नळ आजही तिथे आहे. गळत नाही. मघाशी बघून आले.

इथे बसलेल्या प्रत्येकानं असा हात लावलाय. ही खिडकी कुणाची, तो पत्रा कुणाचा, तुमचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बसलाय ती फरशी लातूरच्या एका मुलानं बसवून घेतली. तो आता तहसीलदार आहे. फरशी कोपऱ्यात अजून हलते. आलेत ना तहसीलदारसाहेब? ऐकताय ना?

मग या गल्लीत बिल्डर आले. शेजारची घरं एकेक करून गेली. मी त्यांना दोष देत नाही, घरात माणसं वाढली की काय करणार? भाऊंनाही खराडीला फ्लॅट देत होते. नातेवाईक म्हणायचे, घ्या, लिफ्ट आहे. भाऊ नाही म्हणत राहिले. पण एक दिवस मला म्हणाले, "मी आहे तोवर ठीक आहे. माझ्यानंतर कुणाला मोह होणार नाही याची खात्री कोण देणार? हे घर पाडताच येणार नाही असं काहीतरी कर."

असं काहीतरी म्हणजे महापालिकेची वारसा यादी. घर त्या यादीत गेलं की पाडता येत नाही. मी अर्ज केला. सुनावणी लागली. मी भाऊंना चांगलं पढवून नेलं. मूळचं काय शिल्लक आहे असं विचारतील, तेव्हा पाया सांगा, भिंती सांगा, फार खोलात जाऊ नका.

समितीच्या अध्यक्षांनी तेच विचारलं. "ओहोळ, या वास्तूत मूळचं काय शिल्लक आहे?"

भाऊ म्हणाले, "काही नाही, साहेब."

मी छताकडे बघायला लागले.

भाऊ सांगतच होते. "पत्रा बदलला. दारं बदलली. मागची भिंत पावसात पडली, ती मुलांनी उभी केली. वडिलांनी बांधलेलं आता शोधूनही सापडायचं नाही."

"मग वारसा कशाचा म्हणायचा?"

तेव्हा भाऊंनी त्यांना आपली अट सांगितली. म्हणाले, "जो राहिला तो काहीतरी बसवून गेला. हे घर राहून गेलेल्यांनी बांधलंय, साहेब. तेवढाच वारसा." आणि मग विचारलं, "पण यादीत गेल्यावर आम्हाला हात लावता येईल ना?"

समितीत एक बाई होत्या. भल्या होत्या, त्यांना वाटलं भाऊ घाबरलेत. त्या म्हणाल्या, "काळजी करू नका. यादीत गेलं की कुणालाही हात लावता येणार नाही."

भाऊ त्यांच्याकडे वळले. मग हळूच बोलले. ते कधी आवाज चढवायचे नाहीत, तिथेही चढवला नाही. "बाई, माझ्या वडिलांनी लहानपणापासून हेच वाक्य ऐकलं. हात लावू नका. पाण्याला लावू नका, भांड्याला लावू नका, दाराला लावू नका. हे घर त्यांनी बांधलं ते हात लावता यावा म्हणून. ते वाचवण्यासाठी त्याच वाक्याची पाटी लावायची असेल, तर मला अर्ज मागे घ्यावा लागेल."

 मी वकील, तिथे मध्ये पडायला हवं होतं. घर हातचं जातंय हे दिसत होतं, आणि भाऊंचं चुकतंय असं म्हणायची माझी छाती नव्हती.

शेवटी अध्यक्षांनीच समजावलं. श्रेणी तीन असतात. वरच्या दोन कडक. तिसऱ्या श्रेणीत घर पाडता येत नाही, पण परवानगी घेऊन दुरुस्ती करता येते, आतले बदल करता येतात.

"मग आम्हाला तिसरी द्या," भाऊ म्हणाले.

"ती सगळ्यात खालची आहे, ओहोळ."

"चालेल."

बाहेर टपरीवर चहा घेताना मी फुगून उभी होते. इतके महिने खपले, पुरावे जमवले, आणि आमच्या अर्जदारानं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. भाऊ मला कोपरानं ढोसून म्हणाले, "वर्षा, बघ, आपल्या माणसानं पहिल्यांदा खालची पायरी स्वतःहून मागून घेतली." आणि हसत सुटले. चहा सांडला शर्टावर.

निर्णय आला तेव्हा ते दवाखान्यात होते. मी कानाशी जाऊन सांगितलं, "भाऊ, घर यादीत आलं. तिसरी श्रेणी." त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "दुरुस्तीची परवानगी लवकर मिळते का?"

"कशाला, भाऊ?"

"तहसीलदाराची फरशी हलतेय."

मला त्यांची फार आठवण येते. माझे वडील गावी होते, चांगले होते. पण या शहरात मी जेवले की नाही हे विचारणारा माणूस एकच होता. तुमच्यातल्या कितीजणांचं असंच आहे, ते मला इथून तुमच्या तोंडाकडे बघूनच कळतंय.

आज सकाळपासून प्रत्येकजण मला कोपऱ्यात घेऊन एकच विचारतोय. घर वाचलं, पण पुढे काय? वहिनी एकट्या आहेत. आता इथे मुलं राहणार का? मी त्यावर भाषण करत नाही. सकाळी घडलं तेवढं सांगते.

हिंगोलीची एक मुलगी आज इथे राहायला येणार होती. भाऊंनीच आजारपणात तिला फोनवर 'ये' म्हटलं होतं. तिला बातमी कळली. तिनं वहिनींना फोन केला. घाबरत म्हणाली, "मी नंतर येऊ का? तुमच्याकडे दुःख आहे." मी शेजारीच बसले होते. वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ये. दुःख आहे, तशी जागाही आहे."

तिची एसटी एव्हाना पुण्यात शिरली असेल.

आता आपण उभे राहू. भाऊंना मनातल्या मनात शेवटचा जय भीम करू, आणि मिनिटभर शांत राहू. मध्येच फाटक वाजलं, तर जो जवळ असेल त्यानं जाऊन उघडावं. मौन मोडलं तरी चालेल. तिला बाहेर उभं ठेवू नका.