पत्रे जुनेच होते, असं मी बोललो

मायबापहो, आयाबायांनो, आन् समोर बसलेल्या शांताकाकू,

अप्पांच्या या शोकसभेत माझ्या आधी सरपंच बोलले, शाळेचे सर बोलले. अप्पांबद्दल लई चांगलं बोलले. मला तसं बोलता येत न्हाई. पर आज बोललो न्हाई, तर उद्या या देवळात कोणत्या तोंडानं येऊ?

मी ज्ञानोबा. मन्मथअप्पांचा शेजारी, भिंतीला भिंत. बावीस वर्षं त्यांच्या शिलाई मशीनच्या आवाजानं आमची सकाळ झाली. आज मला तुमच्या सगळ्यांसमोर एक कबूल करायचंय.

गेल्या वैशाखात वादळ आलं. अप्पांच्या घरावरचे पत्रे उडाले ते थेट ओढ्यात जाऊन पडले. घराचा विमा होता. सुरेखानं, त्यांच्या पोरीनं, मागं लागून काढायला लावलेला. आठ दिवसांनी विम्याचा साहेब पाहणीला आला. अप्पांच्या मंडळी, आपल्या शांताकाकू, उंबऱ्यात बसून रडत होत्या.

आता आपल्यात रीत काय हाय? नुकसान झालेल्या घरी गेलो, की ते नुकसान लहान करून सांगायचं. बैल दगावला तरी आपण म्हणतो, म्हातारा झालता की. तसंच मी म्हणलं, "काकू, रडता कशाला? पत्रे जुनेच होते. आज ना उद्या बदलायचेच होते."

म्हणलं काकूंना. पर साहेब मागंच उभा होता. त्यानं माझं नाव इचारलं. मी ऐटीत पूर्ण नाव सांगितलं. त्यानं कागद पुढं केला, मी सही केली. वाचला का? न्हाई वाचला. चष्मा घरी होता.

पत्रे जुने होते का हो? दोन वर्षांखाली बसवलेले! केजहून टेम्पोत आणलेले. वर अप्पांचा जावई हुक आवळत होता, आन् खालून पत्रा धरायला मीच होतो. हात कापला तर अप्पांनीच हळद दाबली.

दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. दावा नामंजूर. अप्पा ते घेऊन माझ्याकडं आले. मला बारीक अक्षर दिसत न्हाई, म्हणून त्यांनीच वाचून दाखवलं. छप्पर जीर्ण होतं म्हणे, वादळानं पडलं हे सिद्ध होत न्हाई म्हणे. मी लई तापलो. कंपनीच्या सात पिढ्या काढल्या. अप्पा ऐकत बसले. मग हळूच म्हणले, "ज्ञानोबा, मी ग्राहक मंचात तक्रार टाकतोय. पत्रे बसवताना तू होतास. तेवढं शपथपत्र करून दे. एक दिवस बीडला यावं लागंल."

"येतो की," म्हणलं.

आन् गेलो का? आधी पेरणी सांगितली. मग खुरपणी. मग मेव्हण्याच्या पोरीचं लग्न. खरं सांगू? एका दिवसानं पेरणी अडत न्हाई. मी भ्यालतो. वकील उलटसुलट इचारंल, चार लोकांत फजिती होईल. अप्पा एकटेच जात राहिले. जीपनं केजला, तिथून एसटीनं बीडला. "काय झालं अप्पा?" इचारलं, की "तारीख पडली," एवढंच. एकदाबी म्हणले न्हाईत, की बाबा, तू कावून आला न्हाईस.

अप्पा हार्टनं गेले. पत्र्यापायी गेले असं मी म्हणत न्हाई. पर पत्र्याच्या जागी बांधलेल्या ताडपत्रीखाली गेले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं.

परवा सुरेखा फायल घेऊन आली. म्हणली, "काका, आता मी लढणार. जरा बघून घ्या." चष्मा लावला. तेच पत्र. तिसऱ्या ओळीत माझं नाव. 'शेजारी ज्ञानोबा यांच्या सहीच्या जबाबानुसार पत्रे जुने व बदलण्यायोग्य होते.'

ही ओळ अप्पांनी मला वाचून दाखवलीच नव्हती. माझ्यासमोर बसून गाळली. मी कंपनीला शिव्या घालत होतो, आन् त्यांना ठाऊक होतं की काशी मी केलीय. तरी मला लाज वाटू नये म्हणून ते गप राहिले. शपथपत्र मागत होते, म्हणजे माझी चूक मलाच गुपचूप दुरुस्त करू देत होते. एवढं कोण कुणाला सांभाळतं? आन् मी त्या माणसाला पेरणी सांगितली!

काकू, तुमची माफी मागायचंबी माझं तोंड न्हाई. सोमवारी तारीख हाय. मी सुरेखासंगं बीडला जाणार. पत्रे नवे होते, मी खोटं बोललो, हे तिथं शपथेवर सांगणार. वकिलाला काय इचारायचं ते इचारू द्या. फजिती व्हायची ती आज इथं झालीय.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. मला कुणी धीरबी देऊ नका.

अप्पा, हात जोडून शरणार्थ. सोमवारची गाडी मी चुकवत न्हाई.