विटेला वीट

प्रणित : आजी, पोरांना खोलीच्या समोर उभं करा, तारेच्या बाजूला नको. तार फ्रेममध्ये यायला नको. आणि चिंगीचे केस जरा विंचरा. पाचच मिनिटांचा कॉल आहे.

गुणाबाई : केस इंचरले तिचे. पन आधी बोल, तू इचारनार ना त्या पोरीला?

प्रणित : विचारणार म्हटलं ना.

गुणाबाई : काय इचारनार ते मला बोलून दाखव.

प्रणित : आजी, इथलं नेटवर्क जातं मधेच.

गुणाबाई : नेटवर्क गेला तर परत येल. आमच्या चौदा घरांचं तसं नाय. सोमवारी शेठ जेसीबी आननार. बोल.

प्रणित : हेच विचारणार, की दिनानाथशेठ म्हणतो जागा माझी आहे. मेगनच्या टीमने बांधलेली पक्की खोली पाडली तर वाडी राहू देईन, नाहीतर सगळ्यांना बाहेर काढीन. तर खोली पाडली तर चालेल का.

गुणाबाई : हां. एवढंच. जास्ती नको, कमी नको.

प्रणित : पण मी म्हणतो, शेठ एवढं बोललाय तर तुम्ही सरळ पाडून टाका ना. मेगनला विचारायचं काय त्यात?

गुणाबाई : वा रे वा. मागच्या रईवारी म्हातारा काशिराम पहार घेऊन गेला तर तूच आडवा आलास. बोललास, हात लावू नका, शनिवारी ती फोनवर बघनार हाय.

प्रणित : ते वेगळं.

गुणाबाई : आनि तसं पन आमी नाय मोडत. पाव्हन्यानं आपल्या दारात हातानं काय उभं केलं तर त्याला इचारून मोडायचं. चूल असू दे नायतर मांडव. भिंतीवर बघ, नऊ जनांचे हात उमटलेत रंगाचे. ती पोर बारा दिस उन्हात लालबुंद झाली. फावडं धरून फोड आले हाताला. मीच हळद लावली.

प्रणित : अमेरिकेतल्या पोरीला काय कळणार इथली पद्धत?

गुणाबाई : नाय कळनार. म्हनून तर तू मधी हायस. जानेवारीत पन तूच मधी होतास. पाया खनताना काशिराम तुला काय बोलला?

प्रणित : झालं ते झालं, आजी.

गुणाबाई : तुझ्यासाठी झालं. तो बोलला, शेठच्या बापाशी आमचा शब्द हाय. कारवीचा कूड घाला, मातीनं लिंपा, वर पत्रा टाका, पन विटेला वीट लावायची नाय. वीट लागली की शेठला वाटतं जागा गिळली. चाळीस वर्सं आमी भट्टीवर विटा पाडल्या, वाडीत एक नाय आनली. पोरांना खोली पायजे तर कारवीची घाला, आमी पन हात लावतो, असं बोलला का नाय?

प्रणित : बोलला.

गुणाबाई : तवा वाडीत होतं कोन? सगळी भट्टीवर गेलेली. मी, तो म्हातारा नि ही बारकी पोरं. म्हातारा हात जोडून नको नको करतो, तू तिला इंग्लिशमधी कायतरी बोललास, नि तिनं त्याला मिठी मारली. नको बोलनाऱ्याला कोन मिठी मारतं?

प्रणित : त्यांची तिकिटं काढलेली होती. नऊ जण, बाराच दिवस. वर्षभर तिथे गाड्या धुवून, केक विकून आले होते बिचारे. कारवीच्या झोपडीसाठी कोणी एवढ्या लांब येत नाही. मला वाटलं, शेठला नंतर पटवू. तेव्हा वाडीशेजारची जागा विकायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं.

गुणाबाई : मग पटवलास?

प्रणित : वेळ नाही मिळाला.

गुणाबाई : आनि आता गिऱ्हाईक जागा बघायला आलं नि पयली तीच दिसली. निळी, वर पाटी लावलेली. शेठ बोलला, आज खोली, उद्या जागा आमची म्हनून कोर्टात जाल.

प्रणित : थांबा, थांबा. लागला. पोरांनो, हात हलवा! हॅलो, मेगन!

(कर्नाळ्याच्या पायथ्याची कातकरी वाडी, संध्याकाळचे सहा. मेगन अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर आहे. ती आणि प्रणित एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. गुणाबाईला इंग्रजी येत नाही.)

मेगन : प्रणित! आपली खोली! रंग अजून तसाच आहे. आणि ही चिंगी ना? किती उंच झाली चार महिन्यांत! मी रेकॉर्ड करते आहे हं. उद्या चर्चमध्ये उपासनेच्या वेळी दाखवायचं आहे. ज्यांनी आमच्यासाठी प्रार्थना केली ते सगळे असतील.

प्रणित, मेगनला : हो, नक्की दाखव. इथे सगळे तुमची आठवण काढतात.

गुणाबाई : इचार.

मेगन : आजी काय म्हणतात?

प्रणित, मेगनला : म्हणतात, तू बारीक झालीस.

मेगन : आजी! त्यांना सांग, त्यांनी लावलेली हळद मी विसरले नाही. दोन दिवसांत हात बरे झाले. माझ्या आईला सांगितलं तर तिला रडू आलं, की एवढ्या लांब कोणीतरी माझ्या मुलीला सांभाळलं.

प्रणित : आजी, ती म्हणते हळदीने बरं वाटलं होतं.

गुणाबाई : बरं झालं. आता इचार.

मेगन : आणि काशिराम आजोबा कसे आहेत? पाया खणताना त्यांनी हात जोडून आशीर्वाद दिला होता, तू सांगितलं होतंस ना, 'देव या हातांना बळ देवो.' ते वाक्य आम्ही चर्चच्या दालनात मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. नवीन मुलं येतात तेव्हा मी त्यांना तीच गोष्ट सांगते.

गुणाबाई : काशिरामचं नाव घेतलं तिनं. काय बोलली?

प्रणित : विचारते, बरा आहे का.

गुणाबाई : एवढं सगळं बोलली नि एवढंच?

प्रणित : इंग्लिश लांबलचक असतं, आजी.

मेगन : आणि तुझ्यासाठी एक बातमी आहे. बसला आहेस ना? जूनच्या केनियाच्या टीममध्ये तुझं नाव आलं. सहा आठवडे. मी समितीला सांगितलं, तिथल्या लोकांच्या मनातलं जसंच्या तसं आमच्यापर्यंत पोचवणारा असा माणूस आम्ही दुसरा पाहिला नाही.

प्रणित, मेगनला : खरंच? मेगन, मला काय बोलावं तेच कळत नाही.

गुणाबाई : तू का हसतोस? हो बोलली?

प्रणित : ते नाही. ते माझं काम होतं, वेगळं. आजी, माझं ऐका. मी तीन वर्षं ह्याची वाट बघतोय. आमच्या चर्चमधून अजून कोणी बाहेर गेलेलं नाही. आत्ता ह्या घडीला नको. मी उद्या तिला सगळं नीट लिहून पाठवतो, प्रॉमिस.

गुणाबाई : उद्या रईवार. परवा जेसीबी. नको, मीच बोलते, तू फक्त सांग तिला. पोरी, तुझी खोली चांगली हाय. पन तिच्यापायी आमची चौदा घरं जातात. ती मोडायला हो बोल. मनात राग धरू नको. सांग, दादा.

मेगन : काय म्हणतात?

प्रणित, मेगनला : म्हणतात, तुझी खोली चांगली आहे. चौदा घरांतली मुलं इथे येऊन बसतात.

मेगन : थांब, मला रडूच येतंय. किती आनंद झाला सांगू. आजी, मी नोव्हेंबरमध्ये परत येते. या वेळी बारा जण येतोय. शेजारी आणखी एक खोली बांधू.

गुणाबाई : दादा, मी बोलली आमची घरं जातात. ती हसली कशी?

प्रणित : नेटवर्क...

गुणाबाई : तू सांगलंस तिला?

प्रणित : सांगितलं.

गुणाबाई : माझ्या तोंडाकडं बघून बोल.

प्रणित : आजी, पोरं बघताहेत.

गुणाबाई : बघू दे. फोन दे इकडं. दे बोलते ना! तुझ्या तोंडाचा भरवसा नाय, पन तिला डोळे तर हायेत. ही बघ पोरी, ही तार. शेठनं बुधवारी खांब गाडले. ह्या कोपऱ्यापासून त्या आंब्यापर्यंत. ही माझी चूल, बघ, तारेच्या पल्याड गेली. आता सांज झाली की मी तारेखालून वाकून जाते भाकरी भाजायला. ह्या वयात. बघतेस ना?

मेगन : अरे, कुंपण! प्रणित, तुम्ही कुंपणसुद्धा घातलंत? मला तीच काळजी होती, मुलं खेळता खेळता हायवेकडे पळायची. आता सुरक्षित आहेत. आजी किती अभिमानाने दाखवताहेत!

गुणाबाई : काय बोलली?

प्रणित : काही नाही.

गुणाबाई : एकदा तरी खरं बोल, दादा. एकदा.

प्रणित : म्हणते, कुंपण छान आहे. पोरं हायवेवर जाणार नाहीत.

गुणाबाई : हां. हे खरं दिसतं.

प्रणित : आजी...

गुणाबाई : तिला कशाला दोष देऊ? बारा दिस राहिली, जेवढं कानात घातलं तेवढं कळलं तिला. तू तर इथला. सुकापूरचा. तुझी आजी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडून शेवळाची रानभाजी घ्यायची बाजारात. पैशाला घासाघीस करायची, पन बसवून पानी पाजायची. तुला आमची बोली येत नाय असं तर नाय.

प्रणित : तेव्हा खोटं बोलायचं मनात नव्हतं हो. एकदा तोंडातून गेलं, आणि मग प्रत्येक वेळी उशीर होत गेला. आज सांगितलं तर ती विचारणार, मग आजोबा तेव्हा काय म्हणाले होते? त्यांच्या भिंतीवर लिहिलंय ते. माझं बाहेर जाणं राहू दे, पण इथे चर्चचं नाव बदनाम होईल. आधीच लोक आमच्याकडे कसे बघतात ते तुम्हाला माहीत आहे. म्हणतील, गरिबांची घरं खाल्ली.

गुणाबाई : मग काय खोटं बोलतील?

मेगन : प्रणित, मला कामावर निघायचं आहे. जाता जाता सगळे मिळून प्रार्थना करू या का? सगळ्यांना डोळे मिटायला सांग.

गुणाबाई : तिनं डोळे का मिटले?

प्रणित : प्रार्थना करणार आहे. तुमच्यासाठी.

गुणाबाई : देवाशी बोलते?

प्रणित : हो.

गुणाबाई : तुमच्या देवाला आमची बोली कळते?

प्रणित : देवाला सगळ्याच भाषा कळतात, आजी.

गुणाबाई : मग तू गप ऱ्हा. मी बोलते.

प्रणित, मेगनला : मेगन, आजींना प्रार्थना करायची आहे.

मेगन : आजींना? हो, हो, त्यांनाच करू दे. मी डोळे मिटलेत.

गुणाबाई : देवा, मी गुना. तुझी माझी वळख नाय. ही पोर तुझी हाय एवढं ठाव हाय. तिनं चांगल्या मनानं आमच्या पोरांना खोली बांधली. आमी ती मोडतो. घरं ऱ्हावीत म्हनून मोडतो, रागानं नाय. तिला खरं सांगनारं कोन नाय, म्हनून तुला सांगते. तिला वाईट वाटलं तर तू समजूत घाल. तिच्यावर कोपू नको, आमच्यावर पन कोपू नको. झालं. आता शेवटी तुमी काय बोलता ते बोल, दादा.

प्रणित : आमेन.

मेगन : आमेन. आमेन, आजी.

गुणाबाई : ह्याचा अर्थ काय?

प्रणित : तसंच होवो.

गुणाबाई : ती पन बोलली ना?

प्रणित : बोलली.

गुणाबाई : काशिराम, पहार घे. इचारलं आमी.

मेगन : आजी कोणाला हाक मारताहेत? मागे सगळे उठले का? प्रणित?

प्रणित, मेगनला : मेगन, थांब. मला तुला एक सांगायचं आहे. जानेवारीत आजोबा जे...

गुणाबाई : आता नको, दादा. ते उद्या लिव, बोलला होतास तसं. आता फोन बंद कर. तिनं हातानं बांधलीय, मोडताना दिसायला नको.