आवळायचा राहिलेला बोल्ट

विद्यापीठाचं बास्केटबॉल स्टेडियम पाडायचं ठरलं होतं. मैदानाच्या लाकडी फळ्या आठवण म्हणून वाटत होते. त्या घेणाऱ्यांच्या रांगेत एका प्राध्यापकबाईंच्या पुढे एक म्हातारे मामा आणि त्यांची भाची उभे होते.

“मामा, तू तीस वर्षं इथे फळ्या जोडल्यास, हौस फिटली नाही? मामी फळीसकट बाहेर काढेल.”

“सकाळी फळ्या काढून पदवीदान, संध्याकाळी सामना. मधल्या चार तासांत अख्खं मैदान जोडायचं. तुझ्या फायनलला एक बोल्ट आवळायचा राहिला गं.”

“कुठला?”

“तू पडलीस तिथला.”

“सगळे म्हणाले, माझाच तोल गेला.”

“मीही तेच म्हणालो.”

“मामा, मी लेकीला या खेळाच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. म्हटलं, आपल्या घराण्याला तोलच सांभाळता येत नाही.”